पेशीला कल्हई

त्या साली सोयाबीन शेंगा भरायच्या आधीच वाळलं आणि आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. आमची मुलगी अमरावतीला रसायनशास्त्रात संशोधन करत होती. तिला अजून दोन वर्षं हवी होती. तिचे बाबा म्हणत, शिकणं पुरे, दर्यापूरच्या शाळेत नोकरीला लाग.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करून काय राहिली?"

"बाबा, जिवंत पेशीत धातूचा उत्प्रेरक सोडतो. औषध निजलेलं आत जाते, अन् धातू त्याले तिथंच जागं करते."

"उत्‌ काय?"

तिनं तो शब्द तीनदा सांगितला, दर वेळी जास्त मोठ्यानं. जसे काही बाबा बहिरेच.

"मंग अडलं कुठं?"

"तांबं घातलं की पेशी मरतात. त्याच्याभोवती काही गुंडाळा लागते. ते जमून नाही राहिलं."

"आंगात तांबं घातल्यावर मरन नाही तं काय! राहू दे ते." ते उठलेच.

मी चौथी शिकलेली. माणसांच्या बोलण्यात तोंड घालत नाही. पण दोघांचाही इतका वैताग आला की तव्यावरची भाकर तशीच सोडून म्हणाले, "अवो, पितळेच्या गंजात ताक कळकते. म्हून आपण भांडं फेकतो का? कल्हई करतो. पोरगी तेच करून राहिली."

ते थांबले. "असं सांगा ना मंग." मग मुलीला म्हणाले, "कर दोन वर्षं."

नंतर मुलगी माझ्यावरच चिडली. "आई, कल्हई सगळं झाकते. आमाले थोडं उघडं ठेवा लागते, नाही तं तांबं कामच करत नाही."

"मंग तवाच कावून नाही बोलली?"

"ते हो म्हणून राहिले होते ना!"

ह्यांनी मात्र पारावर सांगून टाकलं, पोरगी कल्हईचं शिकते. दुसऱ्या दिवशी शेजारीण दोन गंज घेऊन दारात. "पोरगी जायच्या आंधी एवढं करून देईन का वो?"

नाही म्हटलं असतं तर गाव ह्यांना हसलं असतं आणि मुलीची कबूल झालेली दोन वर्षं हातची गेली असती. गंज ठेवून घेतले. मुलगी गेल्यावर मीच ते जीपमध्ये मांडीवर घेऊन दर्यापूरला गेले, कल्हईवाल्या चाचांकडून करून आणले.

शेजारणीनं आत बोट फिरवून पाहिलं. "हात बसला पोरीचा," म्हणाली. "पण बुडाशी जरासं उघडं राहिलं पाहा."