जगन्नाथची डावी बाजू

जगन्नाथ रेडीज मोटरसायकलवर युरोप फिरायला निघालाय हे ऐकून मी आधी हसलो. मग तो स्वतः हसत नाही हे बघून हादरलो.

हा माणूस शारजा-दुबई रस्त्यावर सगळ्यात उजव्या, म्हणजे इथल्या संथ लेनमधून कोरोला चालवायचा आणि मागचा ट्रकवाला हॉर्न मारून मारून दमायचा. एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. कालची आमटी आज खायची हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस. आणि नव्व्याण्णव सालच्या एका शुक्रवारी, अल मजाजमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, जेवून हात धुता धुता तो म्हणाला, "खलास, श्रीनाथ. रेझिग्नेशन दिलं. सप्टेंबरमध्ये फॉर गुड चिपळूण. पण त्याआधी एकदा बाइकवर युरोप करायचा. तू पण येतोयस."

सुलक्षणावहिनींना चिपळूणचं ठाऊक होतं, युरोपचं नव्हतं. त्या ताकाचं भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. लेक अंतरा म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस? यू कान्ट ईव्हन पार्क!"

मला तर संताप आला. माझा लोणची-पापडांचा धंदा, माझी पाठ, माझं वय, यातलं काही याला दिसत नव्हतं? पण जगन्नाथ एकदा हटून बसला की बसला. पन्नाशीला टेकलेल्या आम्ही दोघांनी शारजात मोटरसायकलचं लायसन्स काढलं. शिकवणारा पठाण आमची पोटं बघून म्हणायचा, "चाचा, पहले ये कम करो." जगन्नाथचा पासपोर्ट सगळ्यांसारखाच कंपनीच्या तिजोरीत पडून होता. तो मॅनेजरच्या विनवण्या करून सोडवून घेतला.

रूट त्यानेच ठरवला. म्युनिकला भाड्याच्या बाइक घ्यायच्या, आल्प्स, मग फ्रान्स आणि बोटीने इंग्लंड. मी म्हटलं, "इंग्लंड कशाला? वेगळा व्हिसा, वेगळी कटकट."

"अरे, तिथे ट्रॅफिक डाव्या बाजूने असतो. शारजासारखा उजवीकडून नाही, आपल्या गावासारखा. चिपळूणची प्रॅक्टिस होईल."

तेव्हा मला कळलं की या सगळ्या खटाटोपाचं मूळ युरोपात नव्हतंच. तरुणपणी त्याने मामाच्या राजदूतवर अख्खं चिपळूण पालथं घातलं होतं. आता परत जाऊन बाइक घ्यायची, वहिनींना मागे बसवून गुहागरच्या समुद्रावर जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. वीसेक वर्षांत त्याने गावच्या रस्त्यावर काही चालवलेलं नव्हतं. सुट्टीत गेला की पुतणे त्याला गाडीतून फिरवायचे, पाय म्हणून जमिनीला लागू द्यायचे नाहीत. गल्फमधला काका ना! मला हे सगळं पटलंही, कारण सांगलीला माझाही फ्लॅट तयार होता आणि पुढच्या वर्षी मीही जाणार होतो.

आल्प्समध्ये त्याने मला दुसरा धक्का दिला. हा इसम घाटात सुरेख बाइक चालवत होता! वळण आलं की अलगद झुकायचा, पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायचा. मी ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर करून घेतली होती आणि हा शीळ घालत होता. त्या रात्री मला कबूल करावं लागलं की मला मजा येतेय.

डोव्हरला बोटीतून उतरलो. जिकडेतिकडे "डावीकडून चला"च्या पाट्या. पुढे लॉऱ्यांची रांग होती, तिच्या मागे मागे आम्ही निमूट डावीकडून गेलो. प्रत्येक सिग्नलला जगन्नाथ मागे वळून ओरडायचा, "बघ! आपली साइड! हात कसे आपोआप जातात बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्यातल्या मुक्कामाहून निघालो. रस्ता पूर्ण मोकळा, दोन्हीकडे कुंपणाची झुडपं. जगन्नाथ पुढे निघाला आणि शांतपणे उजव्या बाजूने चालू लागला. मी त्याच्या मागे होतो. मीही उजवीकडूनच गेलो. मला काही वावगं वाटलंच नाही!

वळणावर समोरून एक लहान गाडी आली, थेट आमच्या अंगावर. जगन्नाथने हॉर्न दाबला आणि मग बाइक झुडपात घातली. मी कसा थांबलो ते मला आजही सांगता येणार नाही. गाडीही करकचून थांबली. जगन्नाथ काट्यांतून उठला, कोपर रक्ताने भरलेलं, आणि पाची बोटं जुळवून आपल्या शारजाच्या थाटात गाडीवर धावून गेला. "अंधी है क्या? राँग साइड! राँग साइड!"

गाडीत एक म्हातारी मडम होती. चेहरा चुन्यासारखा पांढरा. तिने फक्त बोट रस्त्याकडे केलं.

जगन्नाथने रस्ता बघितला. मग माझी बाइक कुठे उभी आहे ते बघितलं. मग तो गवतात बसला.

"श्रीनाथ, मला वाटलं ती चुकली."

"मलाही तसंच वाटलं."

"वाटलं नाही रे. माझी खात्री होती."

म्हातारीनेच आम्हाला पाणी दिलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही तिथूनच मागे फिरलो, डोव्हरपर्यंत रस्त्याच्या कडेने अक्षरशः रांगत. फ्रान्सला उतरलो, रस्ता पुन्हा उजवा झाला आणि जगन्नाथची बाइक लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. ते बघून हेल्मेटच्या आत मला रडू फुटलं. त्याला का जमतंय हे मला आता कळत होतं.

विमानात मी त्याला म्हटलं, "चिपळुणात बाइक घेऊ नकोस. माझी शपथ आहे."

"नाही घेत," तो म्हणाला. "पायी फिरेन. पायी चालायला कसली आलीय साइड?"

सप्टेंबरमध्ये व्हिसा कॅन्सल करून तो गेला. इथल्या मराठी मंडळाने शाल-नारळ दिला, वहिनींनी कुंड्या आमच्याकडे ठेवल्या. दिवाळीच्या आधी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, यांना रिक्षाने उडवलं. आपल्याच दारासमोर. दूध आणायला निघाले होते. खुबा मोडलाय."

त्यांनी फोन जगन्नाथच्या कानाला लावला. त्याचा आवाज दुखण्यापेक्षा गोंधळलेलाच जास्त वाटला.

"रस्ता रिकामा होता रे. मी नीट बघितलं होतं."

"कुठल्या बाजूला बघितलंस?"



"डावीकडे," तो म्हणाला. "डावीकडे काही नव्हतं, म्हणून पाऊल टाकलं."

इथे शारजात फुटपाथवरून उतरताना गाडी आधी डावीकडून येते. चिपळुणात ती उजवीकडून येते. हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला कळलंच होतं. "यल्ला, ठेवतो," एवढंच तो म्हणाला.

फोन ठेवून मी उगाच खाली गेलो. समोरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, वहिनींच्या कुंड्यांसाठी खत मिळतं का बघू, असं स्वतःला सांगितलं. फुटपाथच्या कडेला आलो आणि माझी मान मला न विचारता डावीकडे वळली. गाडी नव्हती. शारजात ते बरोबरच होतं. तरी माझे पाय फुटपाथवरून उतरेनात.