कवायतीखालचं शेत

लढाईच्या दिवसांत सरकारनं पट्टीश्वरमच्या वाटेवरचं आमचं भाताचं शेत पलटणीच्या कवायतीसाठी घेतलं. आमच्या घरचं कुणीही वहाणा घालून शेतात शिरत नसे. अप्पा त्या बांधावरच काढायचे. तिथं आता सकाळ-संध्याकाळ बूट आपटू लागले. लढाई संपल्यावर शेत परत मिळालं. गोरा साहेब म्हणाला, "आम्ही ढेकूळही नेलं नाही, नुसते चाललो." मेला खरंच बोलत होता! पाटाचं पाणी सोडलं, तर ते वरूनच वाहून गेलं. नांगराचा फाळ रुतेना, बैलांच्या तोंडाला फेस आला. अप्पांनी वाकून मातीला हात लावला. मग ते बांधावर गेले, वहाणा पायांत घातल्या आणि रस्त्यावरून जावं तसे शेतातून चालत घरी आले.