काहीच न बदललेली फाइल

यादवराव पंपहाउसला आतून कडी लावून बसले होते. बाहेर गाव जमलं होतं. मी मागच्या दाराने आत शिरले.

"मॅडम, पऱ्हे सुकून राहिले. म्या पाणी वरच्या गावाले देलं म्हनतेत. सख्खा भाऊ बोलून नाही राहिला."

पवनीजवळचा हा पंप वैनगंगेचं पाणी भाताच्या पऱ्ह्यांना, म्हणजे रोपांना देतो. यादवराव तिथले ऑपरेटर, मी कंट्रोल सिस्टीम सांभाळते. कोणत्या गावाची पाळी कधी, हे कॉम्प्युटर घड्याळ बघून ठरवतो. कालपासून पंप बंद होता. स्क्रीनवर मेसेज: लीप सेकंद टेबलाची मुदत संपली.

पृथ्वी काही आपल्या घड्याळाच्या तालावर फिरत नाही. फरक साठला की जगाच्या घड्याळात एक सेकंद वाढवतात. कधी वाढवायचा, त्याचं टेबल असतं. बरीच वर्षं तो वाढलेलाच नाही, तरी टेबल दर सहा महिन्यांनी नव्याने निघतं. आत सगळं तेच, फक्त मुदत पुढची. मुदत संपली की आमची सिस्टीम स्वतःच्याच घड्याळावर विश्वास ठेवत नाही आणि पंप चालू करत नाही.

नवं टेबल मी वेळेत पाठवलं होतं. पण बदल दाखवल्याशिवाय फाइल टाकायची नाही, हा आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा नियम. त्यांनी ते परत केलं होतं. मी फोन लावला.

"यात बदललंय काय?"

"काहीच नाही, सर."

"मग पंप कशाने बंद पडला?"

"ते टाकलं नाही म्हणून."

"टाका. मंजुरीचं नंतर बघू."

माझं डोकं फिरलं होतं, पण फाइल टाकली. पंप सुरू झाला. यादवराव उठले ते थेट भंगाराच्या पेटीकडे. त्यांनी एक जुना जळका फ्यूज काढला.

"अहो, खरं काय ते सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? सेकंद वाढनार नाही याची खबर आली नाही, म्हनून पंप बंद होता? जित्ता सोडतीन मले?"

त्यांनी दार उघडून फ्यूज वर धरला. लोकांनी माना डोलावल्या. भावाने तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी पुढे केली. मला फार बरं वाटलं.

फ्यूजची बातमी ऑफिसलाही पोचली. साहेबांनी दर सहा महिन्यांनी फ्यूज बदलायची मंजुरी हातोहात दिली. आता मी नवा फ्यूज घेऊन जाते, सोबत पेनड्राइव्हवर नवं टेबल नेते. पंप पुन्हा बंद पडलेला नाही.

यंत्राला पुढची तारीख दाखवली की पुरतं. माणसांना काहीतरी जळलेलं दाखवावं लागतं.