ओल्या बिबड्यांवरचा अभ्यास

शिरपूरहून जाऊबाईंनी ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे वाळवलेल्या पापडांचा, डबा पाठवला. झाकण काढताच लसूण-जिऱ्याचा वास आला आणि जळगावच्या घराची गच्ची आठवली.

माझी दीपा तेव्हा दुसरीत होती. ओल्या धोतरावर मी आणि जाऊबाई पाण्याच्या हाताने बिबड्या थापत होतो. थापता थापताच मी दीपाला इंग्रजी शिकवत होते. आय ॲम, ही इज, दे आर. "दहा वाक्यं लिही," असं सांगून मी शिजलेल्या पिठाचं पातेलं आणायला खाली गेले. वर आले तर वही कोरी. तिने काडीने दहा ओल्या बिबड्यांवर दहा वाक्यं कोरली होती. पहिलीवर होतं, आय ॲम दीपा. एकही चूक नव्हती. मला मात्र बिघडलेल्या बिबड्याच दिसल्या. मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

"राहू दे, पोर शे ती," जाऊबाई म्हणाल्या.

मी ओल्या हाताने दहाही बिबड्या सारख्या केल्या.

दीपा वारली, त्याला आता चार वर्षं झाली. डब्यातली एकेक बिबडी मी खिडकीच्या उजेडात धरत होते. नवऱ्याने विचारलं, "काय बघतेस?"

"खडे आहेत का बघते," मी म्हणाले आणि पुढची उचलली.