धूर बघून बसलेला पाहुणा

आधी चहा संपवा, मग ऐका. नाहीतर कुणाच्या नाकातून चहा आला तर जबाबदारी माझी नाही. कतारमध्ये, दोह्याला गेल्या गेल्या मी जी माती खाल्ली, तिची ही गोष्ट.

साठ सालच्या आसपासचे दिवस. मुंबईहून बोटीने उतरलो तो थेट नजमा मोहल्ल्यात, मामूच्या खोलीवर. इकडे खेडला माझं लग्न ठरलेलं, पण सासऱ्यांची अट एकच: आधी नोकरी, मग निकाह. म्हणजे नोकरी नाही तर बायकोही नाही!

मामूने एका कापडवाल्या अरबाकडे शब्द टाकला. त्याला मुंबईशी पत्रव्यवहार करणारा कारकून हवा होता. संध्याकाळी त्याच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जाऊन बसायचं. मामूला ड्यूटी, तेव्हा मी एकटाच. पण त्याने माझी तालीम घेतली ती अशी, की दाखवायच्या मुलीचीही कुणी घेत नसेल. पायाचे तळवे दाखवायचे नाहीत, डावा हात पुढे करायचा नाही, कुठल्या वस्तूचं कौतुक करायचं नाही.

"आनि कहवा पुरे झाला की पेला हलव. नाय हलवलास तर ते ओतीतच ऱ्हवतील."

पेला मी काय झोकात हलवला म्हणून सांगू! अरबाब, म्हणजे तो मालक, खूश. मुंबईत राहून गेलेला, हिंदी छान बोलायचा. गप्पा रंगल्या. नोकरी जवळजवळ खिशातच पडली होती.

तेवढ्यात नोकर धुमसतं धुपाटणं घेऊन आला. ऊद! त्या वासाने मला घरच आठवलं. आता आमच्याकडे कसं, जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, जेवण मांडलं की लोबान पेटतो, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी फातिहा होते आणि मग जेवायचं. धूर आला म्हणजे ताट आलं, हे आम्हाला दुधाच्या दातांपासून ठाऊक. बाकीच्या पाहुण्यांनी दाढीला धूर घेतला आणि उठून गेले. मला वाटलं, हात धुवायला गेले. मी मांडी सावरली, हात वर केले आणि फातिहा सुरू केली.

अरबाब गोंधळला. पण भला माणूस, त्यानेही हात उचलले, आमीन म्हणाला आणि हळूच विचारलं, "किसका इंतकाल हुआ?"

"दादा का," मी म्हटलं, म्हणजे आजोबांचा.

त्याला फार वाईट वाटलं. कधी गेले म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, माझ्या जन्माआधी.

मग त्याने नोकराला खूण केली. धुपाटणं पुन्हा आलं. मी मनात म्हटलं, काय खानदानी घर आहे, दोन-दोनदा लोबान! नंतर तर नोकराने ते माझ्या नाकाखालीच आणून धरलं. मला अरबाबची दया आली. आत स्वयंपाकाला उशीर झालाय आणि बिचारा शरमलाय, दुसरं काय असणार? मी त्याला धीर दिला, "जल्दी मत करो, खाना आराम से आने दो."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मग उठून आत गेला. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू आली आणि खूप वेळाने भात-मटण आलं. मी पोटभर जेवलो. निघताना तो म्हणाला, "कल से आ जाओ. ऐसा बैठनेवाला आदमी मैंने नहीं देखा."

खोलीवर येऊन मामूला सगळं सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला. "अरे खुळ्या, ऊद फिरवला म्हंजे आता उठा! तोंडान कोन सांगत नाय."

त्या दिवसापासून मी ऊदाचा धसकाच घेतला. वास आला की उभा! पुढच्या सुट्टीत निकाह झाला आणि सासऱ्यांनी जुम्मेरातीला जेवायला बोलावलं. दस्तरखान पसरलेलं, बिर्याणीचा टोप समोर. सासरे लोबान घेऊन माझ्यापाशी आले मात्र, माझं मलाच कळलं नाही. शर्टाला धूर घेतला, छातीवर हात ठेवला, "शुक्रन" म्हणून अरबीत आभार मानले आणि चपला घालून थेट रस्त्यावर.

आत एकच गलका झाला, जावई रुसला! सासरे समजूत काढायला माझ्यामागे धावले. हातात लोबान तसाच.

आणि ते जसजसे जवळ येत होते, तसतसा मी आणखी भराभर चालत होतो.