दोन मंडळं, एक अँटेना

बंगाली मुलखातल्या आमच्या सॉल्ट लेकच्या मराठी मंडळाची दोन मंडळं झाली ती मोदक उकडीचे की तळणीचे, यावरून. माणसं मूठभर, हट्ट मेला डोंगराएवढा. मी दोन्ही खाते आणि कुणाचंच ऐकत नाही.

यंदाची सहलही दोघांनी एकाच दिवशी डायमंड हार्बरला काढली. वाटेत गाड्यागाड्यांतून बोलायला सगळ्यांनी सीबी रेडिओ घेतले, चॅनेल अर्थातच वेगवेगळे.

बँकेतून निवृत्त झालेले श्यामराव रेगे दोन्हीकडचे सभासद. कुणालाच दुखवायचं नाही, हा त्यांचा बाणा. दोन्हीकडचं एकदम ऐकू यावं म्हणून त्यांनी गाडीत दोन रेडिओ बसवले. टपावर अँटेना मात्र एकच. एका केबलवर घरात दोन टीव्ही चालतात, मग हे का नाही? म्हणून टीव्हीची केबल वाटणारी डबीच मध्ये जोडली.

निघताना त्यांनी उकडीवाल्यांच्या रेडिओचं बटण दाबून ‘नमस्कार मंडळी’ म्हटलं. त्या रेडिओचा जोर अँटेनाऐवजी डबीतून थेट शेजारच्या रेडिओत घुसला आणि गाडीतला तळणीवाल्यांच्या चॅनेलचा रेडिओ जळाला. श्यामराव मुद्दाम बोलत नाहीत, असं समजून तळणीवाल्यांनी त्यांच्याशी अबोला धरला.

मग श्यामरावांनी नवा रेडिओ आणला, डबी काढून मध्ये एका वेळी एकच रेडिओ जोडणारा स्विच बसवला आणि बायकोला, कालिंदीबाईंना, कौतुकानं समजावलं, “एका अँटेनावर दोघंही नांदतात गं. फक्त एक बोलत असताना दुसऱ्यानं गप्प बसायचं.”

“अहो, एवढं मंडळाला जमलं असतं,” कालिंदीबाई म्हणाल्या, “तर दुसरा रेडिओ लागला असता कशाला?”