ज्वारीतली हाक
आगटीत भाजणाऱ्या हुरड्याचा वास आला की मला ती हाक आठवते. आमचे आजोबा महायुद्धात पायदळातून ब्रह्मदेशाच्या जंगलात लढले होते. तिथं जपानी सैनिक झाडीत लपून हिंदुस्थानीत हाका मारायचे. ‘भाई, पानी पिलाओ’ ऐकून, आपलाच कुणी जखमी असेल म्हणून, आजोबांचा जोडीदार पाणी घेऊन उठला आणि गोळी लागून पडला. हे आजोबांनी फक्त काकांना सांगितलं होतं. काकांनी ते उमरग्याहून हुरड्याला आलेल्या मित्रांना चटणीसारखं तोंडी लावायला वाढलं, वर “आता गंमत बघा” म्हणून उभ्या ज्वारीत शिरले आणि आवाज बदलून ओरडले, “भाई, पानी पिलाओ!” पलीकडे बांधावर बसलेले आजोबा हातातल्या हुरड्यासकट पालथे पडले, ढेकळांवरून सरपटू लागले. मित्र पोट धरून हसले. मग आजोबा उठले, तोंडाची माती पुसली. “तितं हाक मारणारा दुश्मन व्हता,” हसत बाहेर येणाऱ्या काकांना ते म्हणाले, “तू कोन हाईस रं?” आता काका अंथरुणाला खिळलेत. “पाणी दे रे,” म्हणतात. मी देतो, पण उठायला मला क्षणभर वेळ लागतोच.